वमनाच्या तारखा आणि संगणकीय दिनदर्शिका

वसंत हा वमनाचा काळ. केळशीसारख्या गावी चैत्रातील महालक्ष्मीच्या उत्सवास आलेले चाकरमानी याच दिवसांत उपचारही उरकू पाहतात. वमनकक्ष एक, नोंद करणारे दोन: एक चिकित्सालयात, दुसरा औषधालयात. इंटरनेटवरील दिनदर्शिकेत दोघांनाही तोच दिवस मोकळा दिसतो आणि दोघेही तो देऊन बसतात. ‘आधी पाहा, मग लिहा’ या क्रमातच ही फट आहे. म्हणून निर्णय डेटाबेसवरच सोपवावा. नव्या नोंदीचा आरंभ जुनीच्या अखेरीपूर्वी आणि अखेर जुनीच्या आरंभानंतर येत असेल, तर त्याने ती नाकारावी. पोस्टग्रेएसक्यूएल या मुक्त प्रणालीत असा निर्बंध २०१० पासून घालता येतो.

आपला खरा पेच मात्र निराळा. स्नेहपान तीन दिवसांत पुरेल की सात, हे सम्यक् स्निग्ध लक्षणे दिसेपर्यंत कळत नाही. त्यानंतर एक दिवस सोडून वमन. तेव्हा एकच तारीख न देता पाचव्यापासून नवव्यापर्यंतचे सर्व दिवस राखावेत आणि लक्षणे दिसताच उरलेले मोकळे करावेत. रुग्ण कमी मावतील, हे खरे. पण स्नेहपान पूर्ण झालेल्या रुग्णास ‘दोन दिवसांनी या’ म्हणणे आम्हांस अधिक जड वाटते.