तू शाळेत कशी येतेस?

सातवीत असताना मला परदेशातून पहिलं पत्र आलं. त्या काळी फिनलंडमधल्या तुर्कू शहरातल्या ‘इंटरनॅशनल यूथ सर्व्हिस’ या संस्थेचे फॉर्म हातोहात फिरायचे. वय, छंद, भाषा भरून फॉर्म धाडला की कुठल्यातरी देशातल्या समवयस्काचा पत्ता यायचा. माझ्या वाट्याला डेन्मार्कमधली मुलगी आली. वसईहून मी तिला जे लिहिलं, ते ‘माझी शाळा’ या निबंधाचं इंग्रजी भाषांतर होतं : इमारत भव्य, मैदान विशाल, शिक्षक प्रेमळ. महिन्याभरानं उत्तर आलं. इमारतीबद्दल तिनं चकार शब्द काढला नव्हता. तीन प्रश्न मात्र विचारले होते. तू शाळेत कशी येतेस? किती वेळ लागतो? वाटेत काय दिसतं?

ते पत्र घेऊन मी दोन दिवस बसून राहिले. केळीच्या वाडीतून, बावखलाच्या कडेनं, सुकेळी वाळत घातलेल्या अंगणावरून मी रोज जात होते. पण यातलं काही लिहायचं असतं, असं मला कधी वाटलंच नव्हतं. तेव्हापासून, मुलांनी दुसऱ्या मुलांना करून दिलेली आपल्या शाळेची ओळख जिथं मिळेल तिथून जमवायची सवय लागली. मोठ्यांना दाखवण्यासाठी लिहिलेली नव्हे. मुलांनी मुलांना सांगितलेली.

महाराष्ट्रात हा विषय निघाला की परितेवाडीचं नाव येतंच. माढा तालुक्यातली ही जिल्हा परिषदेची शाळा आणि तिथले शिक्षक रणजितसिंह डिसले आता सगळ्यांना ठाऊक आहेत. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं, १० लाख डॉलरचं, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या ९ शिक्षकांना वाटून दिली. वर्तमानपत्रांनी रक्कम छापली, पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडबद्दल लिहिलं. मला त्यांचा ‘लेट्स क्रॉस द बॉर्डर्स’ हा उपक्रम जास्त महत्त्वाचा वाटतो आणि त्याच्याबद्दल फार कमी लिहिलं गेलं. भारत आणि पाकिस्तान, इस्रायल आणि पॅलेस्टाईन, इराण आणि इराक अशा, एकमेकांशी वैर असलेल्या देशांतल्या मुलांच्या त्यांनी जोड्या लावल्या. ८ देशांतली सुमारे १९,००० मुलं त्यात आली. पण आकड्यांपेक्षा माझं लक्ष मुदतीवर खिळलं : ६ आठवडे. पडद्यावर अर्धा तास हात हलवून ‘हॅलो’ म्हणणं वेगळं आणि एकाच जोडीदाराबरोबर ६ आठवडे काम करणं वेगळं. पहिल्या भेटीत मुलं झेंडा, राष्ट्रीय फूल, राष्ट्रीय प्राणी सांगतात. ते संपल्यावर बोलायला दुसरं काहीच उरत नाही, तेव्हा ती घरातलं सांगू लागतात.

मुलांनी मुलांना लिहिण्याच्या या रीतीची मुळं शोधत मी फ्रान्सपर्यंत गेले. १९२० च्या दशकात सेलेस्तँ फ्रेने या खेड्यातल्या शिक्षकानं वर्गात छोटं छापयंत्र आणलं. मुलांनी स्वतःच्या दिवसाबद्दल लिहायचं, खिळे स्वतः जुळवायचे, छापायचं आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला, ब्रिटनीच्या किनाऱ्यावर असलेल्या वर्गाला पाठवायचं. डोंगरातली मुलं आणि समुद्राकाठची मुलं. फ्रेनेबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, म्हणून मी त्यात शिरत नाही. त्याची पद्धत इटलीत पोचली आणि तिथून जे एक पत्र निघालं, त्याच्यासाठी हा सगळा खटाटोप.

सुधा कुलकर्णी यांनी मराठीत आणलेलं ‘प्रिय बाई’ आपल्याकडच्या शिक्षकांनी वर्षानुवर्षं वाचलेलं आहे. बार्बियाना इथल्या डोंगरावरच्या शाळेतल्या मुलांनी मिळून लिहिलेलं मूळ पुस्तक इटलीत मे १९६७ मध्ये आलं आणि पुढच्याच महिन्यात, २६ जून रोजी, त्यांचे धर्मगुरू-शिक्षक लोरेन्झो मिलानी ४४ व्या वर्षी वारले. शाळेनं नापास करून हाकललेल्या मुलांचा त्या पुस्तकातला संताप सगळ्यांच्या लक्षात राहतो. पण ती मुलं असं एकत्र लिहायला शिकली कधी? तर ४ वर्षं आधी, दुसऱ्या वर्गाला आपली ओळख करून देताना.

१९६३ च्या उन्हाळ्यात मारिओ लोदी हे शिक्षक बार्बियानाला आले. पियादेनाजवळच्या खेड्यात ते फ्रेनेच्या वाटेनं शिकवत होते. माझ्या मुलांशी तुमच्या मुलांनी पत्रव्यवहार करावा, असं त्यांनी सुचवलं. पियादेनाहून पत्र आलं. त्याच्या उत्तरावर १ नोव्हेंबर १९६३ ही तारीख आहे. ते लिहायला पुरे ९ दिवस लागले. सगळा वर्ग त्या कामाला लागला होता. प्रत्येकानं सुचेल ते चिठ्ठीवर लिहायचं, मग सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर मांडून जुळत्या चिठ्ठ्या एकत्र करायच्या, क्रम लावायचा, आणि मग एकेक वाक्य मोठ्यानं वाचून त्यातला जास्तीचा शब्द काढून टाकायचा. हे पत्र मी कितीदा वाचलं असेल, त्याची मोजदाद नाही.

त्यात सगळी मापं आहेत. बार्बियाना मोंते जोवी डोंगराच्या उत्तर उतारावर, समुद्रसपाटीपासून ४७० मीटरवर. गाव म्हणावं असं गावच नाही. एक चर्च आणि रानात विखुरलेली घरं. माणसं उरली ३९. कित्येक घरांत, खुद्द शाळेतही, वीज नाही, नळ नाही. रस्ता नव्हता, तो मुलांनीच थोडा नीट केला, आता त्यावरून गाडी येते. वर्गात मुलं २९. त्यात मुली फक्त ३. यांतली ९ इथल्याच घरांतली, ५ लांबची म्हणून इथल्या कुटुंबांकडे राहणारी, १५ रोज ये-जा करणारी. एक मुलगा जंगलातून जवळजवळ दोन तास चालत येतो आणि तितकंच चालत परत जातो. सर्वांत लहान ११ वर्षांचा, सर्वांत मोठा १८ चा. शाळा सकाळी ८ ते संध्याकाळी साडेसात, वर्षाचे ३६५ दिवस. शिक्षक २३.

तेवीस! पहिल्या वाचनात मला हा छपाईचा दोष वाटला. हिशेब नंतर कळला : सर्वांत लहान ७ मुलं सोडून बाकीची २२ आपल्याहून लहानांना शिकवतात आणि तेविसावे मिलानी. मुलांनी आकडा लिहिला, आणि त्या आकड्यातून सगळी शाळा उभी राहिली.

मिलानींचा करडेपणा मला पटत नाही. साडेअकरा तास, एकही सुट्टी नाही, हे मी माझ्या मुलाच्या वाट्याला येऊ देणार नाही. पण त्या डोंगरावरच्या मुलांना शाळेबाहेर गुरांमागे जायचं होतं, खेळायला नव्हे, हेही त्याच पत्रातून कळतं. आपल्याकडे मुलांच्या लिखाणातून असं काही कळतं का? ‘माझी शाळा’ या विषयावर महाराष्ट्रात दरवर्षी केवढे तरी निबंध लिहिले जातात आणि त्यातल्या एकातूनही ते मूल कुठल्या गावचं आहे हे सांगता येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि वसईत सांगण्याजोगं काय कमी आहे? पाणजू बेटावरची मुलं होडीनं खाडी ओलांडून नायगावला येतात. अर्नाळा किल्ल्याच्या बेटावरून दप्तरं बोटीत चढतात. घरात सामवेदी, वाडवळी, आगरी किंवा वारली बोलणारी मुलं शाळेच्या दारात भाषा बदलतात. आणि दिवाळी संपली की जव्हार-मोखाड्याकडून आईबापांबरोबर वीटभट्ट्यांवर येणारी मुलं. भट्टीवरच्या गवत-पेंढ्याच्या झोपडीला भोंगा म्हणतात. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेनं त्या भोंग्यातच शाळा भरवली आणि ‘भोंगा शाळा’ हे नाव पुढं सरकारी कागदांवरही आलं. शिकणारं मूल जिथं आहे तिथं शाळेनं जायचं, हे या तालुक्यानं करून दाखवलं; वसईच्या किल्ल्याइतकंच हेही मिरवायला हवं. भट्टीवरच्या मुलानं पत्र लिहिलं तर पत्ता कुठला घालायचा? पावसाळ्याआधी ते गावी परतलेलं असतं.

गेल्या थंडीत खाडीजवळच्या एका शाळेत मी सातवीच्या वर्गाकडून असं पत्र लिहून घेतलं. माझी मैत्रीण स्वित्झर्लंडमध्ये असते. तिच्या मुलाच्या वर्गाला ते जायचं होतं. बार्बियानाचीच रीत : चिठ्ठ्या. पहिल्या दिवशी आलेल्या चिठ्ठ्यांत इमारत भव्य होती आणि शिक्षक प्रेमळ होते. मी त्या बाजूला ठेवल्या आणि डेन्मार्कच्या मुलीचे तीन प्रश्न फळ्यावर लिहिले.

दुसऱ्या दिवशीच्या चिठ्ठ्या वेगळ्या होत्या. ‘बाबा भाजीच्या टोपल्या घेऊन पहिल्या गाडीनं दादरला जातात. त्यांच्या गजरानं आमचं सगळं घर उठतं.’ ‘आमच्या चाळीत माझ्या वर्गातली चार मुलं आहेत, पण नळ एकच.’ ‘भरतीला होडी पायरीला लागते. ओहोटीला चिखलात उतरतो, चपला हातात घेतो.’

‘बावखल’ या एका शब्दावर पाऊण तास गेला. वाडीतल्या मुलीनं लिहिलं होतं की ती बावखलाच्या कडेनं येते. परराज्यातून आलेल्या मुलानं विचारलं, म्हणजे विहीर? ती म्हणाली, विहिरीला दोर लागतो, बावखलात उतरून कळशी भरता येते. मग तळं? तळं सगळ्यांचं असतं, बावखल वाडीचं. पावसाचं पाणी जमिनीतून झिरपून त्यात येतं आणि त्यावर वाडी जगते. एकजण म्हणाला, आमच्याकडचं बुजवलं, आता तिथं बिल्डिंग आहे. मुलगी थोडा वेळ गप्प बसली, मग तिनं चिठ्ठीत भर घातली : ‘आमचं अजून आहे.’ इंग्रजीत शब्द मिळाला नाही. सगळ्यांनी मिळून ‘बावखल’ तसंच ठेवलं आणि शेजारी चित्र काढलं, कडेला केळी, पाण्यात उतरणारी पायवाट.

पाचव्या दिवशी चिठ्ठ्यांचा क्रम लागला. शेवटी तिकडच्या मुलांना काय विचारायचं, ते ठरवायचं होतं. होडीनं येणारा मुलगा एरवी बोलत नसे. त्यानं लिहून दिलं : ‘तुमच्याकडे ओहोटी किती वाजता असते?’ कुणीतरी भिंतीवरच्या नकाशात बघून ओरडलं, अरे, त्यांच्या देशाला समुद्रच नाही! तो उठून नकाशापाशी गेला, त्या देशाच्या चारी बाजूंनी बोट फिरवून आला, चिठ्ठी परत मागून घेतली आणि आधीचं न खोडता खाली लिहिलं : ‘मग तुम्ही रोज एकाच वेळी निघता का?’