उसवता न येणारी नक्षी

मराठीत साडीही विणतात आणि स्वेटरही. कानडीला हे एका शब्दात भागवणे मान्य नाही. मागावर होते ती ‘नेय्गे’, सुयांवर होते ती ‘हेणिगे’. बेळगावच्या वडगाव, खासबाग, शहापूर भागात एकाच गल्लीत दोन्ही भाषा चालतात, पण घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या जो आवाज आला तो नेय्गेचा. स्वेटर-बनियनच्या धंद्याने पुढे लुधियाना आणि तिरुपूर ही ठाणी धरली.

दोन्हींतला खरा फरक कळतो तो नवी नक्षी करून बघायची म्हटल्यावर.

घरगुती निटिंग मशीनवर साधारण २०० सुया ओळीने बसवलेल्या असतात. सुईला तीनच गोष्टी येतात: टाका विणणे, दोरा नुसता धरून ठेवणे किंवा दोरा मागून जाऊ देणे. धरून ठेवलेले दोरे साचले की कापड मधाच्या पोळ्यासारखे फुगते. सोडलेले दोरे मागे तरंगतात आणि पुढे दोन रंगांची नक्षी उमटते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानी कंपन्यांनी या यंत्रांना भोके पाडलेले कार्ड जोडले, २४ टाक्यांच्या पटीत नक्षी मोजणारे. कल्पना मूळची मागावरची. १८०४ च्या सुमारास फ्रान्समधल्या लिऑनच्या जोसेफ-मारी जॅकार्डने भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागावर चढवली. एकेक पुठ्ठा उभ्या दोऱ्यांना सांगतो, तू वर, तू खाली. घरातल्या निटिंग मशीनवर कार्ड बदलायला मिनिटभर लागते आणि नमुना फसला तर तो उसवून दोरा पुन्हा गुंडाळता येतो. मागावरचे कापड असे उसवता येत नाही. फसले की सूतही गेले, दिवसही गेला.

सीमाभागातल्या घरगुती विणकामाचा दीडशे वर्षांचा मागोवा घेताना हा हिशेब सतत आडवा येतो.

सगळ्यात जुना आणि सगळ्यात हट्टी पोत घोंगडीचा. दख्खनी मेंढीची लोकर, बायकांनी चरख्यावर कातलेली, पुरुषांनी खड्डामागावर विणलेली आणि चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेली. नक्षी म्हणावी तर काळ्या लोकरीत मेंढीच्याच पांढऱ्या लोकरीचा पट्टा. रंगाचा खर्च नाही, प्रयोगही फारसा नाही. या पोताची खरी परीक्षा पावसात होते, आरशासमोर नव्हे. निपाणीपासून फार लांब नसलेल्या पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकरही उधळली जाते, यावरून तिचा मान कळावा. पुढे मटणाला भाव आला, कमी लोकरीच्या मेंढ्या कळपात शिरल्या आणि पानिपतचे स्वस्त ब्लँकेट बाजारात आले. घोंगडीला नक्षीने हरवले नाही, किमतीने हरवले.

शहापूरची गोष्ट निराळी. आज ते बेळगावचे उपनगर वाटते, पण १९४८ पर्यंत ते सांगलीकर पटवर्धनांच्या संस्थानात होते. शेजारचे बेळगाव इंग्रजांचे, हे गाव संस्थानिकांचे. साडी-लुगड्यांच्या या पेठेला सूत कुठून यायचे, हे १८८७ नंतर बदलू लागले. त्या वर्षी गोकाकच्या धबधब्याच्या पाण्यावर सूतगिरणी सुरू झाली. गिरणीचे सूत एकसारखे. हातसुताच्या गाठी आणि जाडे-बारीकपण गेले, म्हणजे एक आपोआप येणारा पोतही गेला. त्या बदल्यात बारीक नक्षी शक्य झाली, कारण दोरा मध्येच तुटेना.

या भागातल्या बायकांच्या अंगावरची इरकल मात्र बागलकोट जिल्ह्यातून आली. तिचे अंग बहुधा सुती, काठ-पदर रेशमी. पदराचा उभा ताणा वेगळा असतो आणि तो अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडतात. ‘टोप-तेनी’ म्हणतात ती हीच रीत. एका लांबलचक ताण्यावर साड्यांमागून साड्या काढता येत नाहीत, पुन्हा पुन्हा जोडत बसावे लागते. आज कोणी हिशेबनीस हे बघेल तर डोक्याला हात लावेल. पण त्या जोडणीमुळेच लाल रेशमी पदर उठून दिसतो. गुळेदगुड्डचा खण त्याहून धूर्त: पन्हा चोळीपुरता अरुंद, नक्षी बारीक आणि पुन्हा पुन्हा येणारी. छोट्या तुकड्यात प्रयोग फसला तरी तोटा छोटा.

मग यंत्र आले. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला आणि जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपड्यांनी गावाला या धंद्याकडे वळवले. निपाणी म्हटले की तंबाखू आणि विडीच आठवते, पण तालुक्याच्या माणकापूरसारख्या गावांत यंत्रमागांचा खडखडाट इचलकरंजीच्या नात्याने पोचला. वडगाव-खासबागेतही हातमागाच्या जागी, त्याच खोलीत, यंत्रमाग उभे राहिले. शेजारी चूल, वर पोटमाळा, मध्ये माग.

साध्या मागाला दोन वह्या, म्हणजे उभे दोरे वर-खाली करणाऱ्या दोन चौकटी, पुरतात. डॉबी जोडली की डझन-दीड डझन वह्या हलतात आणि ठिपके, चौकडी, खवले, पोळ्याची वीण असे पोत निघतात. मोराला किंवा कोयरीला जॅकार्ड हवे. त्याचा सांगाडा मागाच्या डोक्यावर बसतो. बुटक्या आढ्याच्या घरात तो मावत नाही. एखाद्या गल्लीत कोणती नक्षी निघणार हे आवडीइतकेच छताच्या उंचीनेही ठरवले, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती नव्हे.

खर्च दिसत नाही तो वहिफणीत. नवी मांडणी करायची तर हजारो दोरे एकेक करून वह्यांतून आणि फणीतून ओवावे लागतात. तेवढा वेळ माग बंद. इचलकरंजीकडे ‘खर्चीवाला’ म्हणतात तो विणकर व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने विणतो आणि मजुरी मिळते ती आडव्या धाग्यांच्या, म्हणजे पिकांच्या, हिशेबाने. थांबलेल्या मागाला पीक नाही, पैसाही नाही. असा माणूस प्रयोग का करील? पेठेत खपलेली साडी बघून तीच काढणे त्याला परवडते. सीमाभागातल्या नक्षीच्या एकसुरेपणाचे खापर विणकरावर फोडणारे हा हिशेब मांडत नाहीत. २०२० च्या टाळेबंदीत तर माग नक्षीसाठी नव्हे, गिऱ्हाइकासाठी थांबले.

कायद्यानेही नक्षीत हात घातला. १९८५ च्या हातमाग आरक्षण कायद्याखाली २२ वस्तू फक्त हातमागासाठी राखल्या गेल्या. साडीच्या बाबतीत सूत कोणते आणि जादा ताण्या-बाण्याची नक्षी आहे का, हे बघितले जाऊ लागले. यंत्रमागवाले कोर्टात गेले; १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. पुढे यादी निम्म्यावर, ११ वस्तूंवर आली. त्या अकरांत साडी आहे आणि कांबळेही.