आपली किती माणसं हायत तिथं?

8 डिसेंबर 2024, रविवार. दुपारच्या स्वयंपाकाची वेळ. टीव्हीवर बातमी चालू होती की सीरियाचा बशर अल असद देश सोडून पळाला. दमास्कसच्या रस्त्यांवर लोक नाचत होते. माझी धाकटी जाऊ भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. तिनं असद कोण हे विचारलं नाही, सीरिया कुठं आहे हेही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "आपली किती माणसं हायत तिथं?"

दोन दिवसांनी कळलं की 75 भारतीयांना लेबनॉनमार्गे बाहेर काढलं. मी तिला सांगितलं. ती "बरं झालं" म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली. परराष्ट्र धोरण हा शब्द तिनं आयुष्यात कधी उच्चारला नसेल. पण ते धोरण आमच्या परळीतल्या घरात, याच ओट्यापाशी, 2011 साली येऊन गेलंय.

माझा धाकटा दीर वेल्डर. आयटीआय करून थर्मलवर ठेकेदाराकडे कामाला होता. काम असलं तर पगार, नसलं तर वैजनाथाच्या पायऱ्यांवर गप्पा. 2010 मध्ये कुणाच्या तरी ओळखीनं मुंबईचा एक एजंट भेटला. लिबियात काम आहे, पगार दुप्पट-तिप्पट, राहणं-खाणं कंपनीचं. एजंटाला 90 हजार द्यायचे होते. जाऊबाईंनी गंठण आणि पाटल्या गहाण ठेवल्या, उरलेले व्याजानं काढले. आमच्या बीड जिल्ह्याला हे नवं नाही. ऊसतोडीला जाणारं जोडपं मुकादमाकडून उचल घेतं आणि मग हंगामभर ती फेडत राहतं. इथं उचल उलटी होती, एवढाच फरक. पैसे आम्ही दिले आणि माणूसही आम्हीच दिला.

त्याच डिसेंबरात, 17 तारखेला, ट्युनिशियातल्या सिदी बूझिद नावाच्या गावात मोहम्मद बुअझिझी या हातगाडीवाल्यानं स्वतःला पेटवून घेतलं. त्याचा माल आणि तराजू जप्त झाला होता. परळीच्या मोंढ्याजवळ बसणाऱ्या कुणाचाही होऊ शकतो तसा. पण त्या एका तराजूनं देशच्या देश हलले. 14 जानेवारी 2011 ला ट्युनिशियाचा बेन अली पळाला, 11 फेब्रुवारीला इजिप्तचा होस्नी मुबारक गेला आणि चारच दिवसांत लिबियातलं बेनगाझी पेटलं. आमचे भाऊजी बेनगाझीतच होते.

फोन लागेना. आमच्या सासूबाई रोज पहाटे वैजनाथाला जाऊन यायच्या आणि दिवसभर कुणाशी बोलायच्या नाहीत. जाऊबाईंच्या कडेवर दीड वर्षाचं पोर. मी त्या दिवसांत पहिल्यांदा पेपरातलं परदेशाचं पान आधी उघडायला शिकले. तेव्हा कळलं की लिबियात तब्बल 18 हजार भारतीय आहेत. सरकारनं 26 फेब्रुवारीपासून माणसं आणायला सुरुवात केली. एअर इंडियाची विमानं त्रिपोलीला गेली, नौदलाची 'जलाश्व' आणि 'म्हैसूर' ही जहाजं मुंबईहून निघाली. बेनगाझीत विमान उतरणं शक्य नव्हतं, म्हणून 'स्कॉशिया प्रिन्स' नावाचं प्रवासी जहाज भाड्यानं घेऊन तिथल्या बंदराला लावलं. त्यातून हजाराहून जास्त माणसं इजिप्तच्या अलेक्झांड्रियाला उतरली. त्यात आमचाही माणूस होता.

त्याचा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात राहिला होता. कंपनीचा साहेब आधीच निघून गेलेला. आपल्या वकिलातीनं दिलेल्या तात्पुरत्या कागदावर तो मायदेशी आला. मुंबईहून देवगिरी एक्स्प्रेसनं परभणी आणि तिथून परळी. स्टेशनवर उतरला तेव्हा हातात एक पिशवी होती. त्यात एक ब्लँकेट, दोन शर्ट आणि पोरासाठी घेतलेली चावीची गाडी. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मग मात्र दारातच खाली बसून मोकळ्या रडल्या.

आता खरी गोष्ट पुढं आहे. पंधरा दिवसांनी, 17 मार्चला, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत लिबियावर मतदान झालं. गडाफीच्या फौजा बेनगाझीच्या दिशेनं निघाल्या होत्या. नागरिकांच्या रक्षणासाठी लष्करी कारवाईला परवानगी द्यायची का, असा ठराव होता. 10 देशांनी बाजूनं मत दिलं. विरोधात कुणीच नाही. 5 देश तटस्थ राहिले, त्यात भारत होता. परिस्थितीचा भरवशाचा अहवाल हाती नाही, कारवाई कोण आणि कशी करणार हे स्पष्ट नाही, असं आपलं म्हणणं होतं. त्याआधी 26 फेब्रुवारीला गडाफीवर निर्बंध घालण्याच्या ठरावाला मात्र आपण हो म्हटलं होतं.

मला राग आला. कारण तोवर मी बेनगाझीतल्या बायकांबद्दल वाचलं होतं. 1996 मध्ये त्रिपोलीच्या अबू सलीम तुरुंगात हजाराहून जास्त कैदी मारले गेले होते. कित्येक आयांना ते वर्षानुवर्षं कळवलंसुद्धा नव्हतं. त्या डबे, कपडे घेऊन तुरुंगाच्या दारात जात राहिल्या. खरं कळल्यावर मुलांचे फोटो छातीशी धरून बेनगाझीच्या रस्त्यावर उभ्या राहू लागल्या. 15 फेब्रुवारीचं आंदोलन पेटलं ते याच कुटुंबांच्या वकिलाला पकडलं म्हणून. अशा बायकांच्या गावावर फौज चालून येते आणि आपला देश हात वर करत नाही?

मी तावातावानं बोलले, तेव्हा भाऊजी चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "वहिनी, समदे नाही आले अजून. माझ्या खोलीतले दोघं मागं राहिलेत. आपण हो म्हणलो असतो अन् गडाफीच्या माणसांनी त्यान्लाच धरलं असतं तर?"

मला उत्तर सुचलं नाही. परत आलेल्यांचा आकडा 15 हजारांवर होता, म्हणजे काही माणसं अजून तिथंच होती. अरब देशांत आपली लाखो माणसं राबतात, आपलं तेल तिकडून येतं. त्या जूनमध्ये सिलिंडर 50 रुपयांनी महागला, तेव्हा कच्च्या तेलाच्या भडकलेल्या भावामागं लिबियाही होताच. ज्याची माणसं दुसऱ्याच्या घरात कामाला आहेत, त्याला त्या घरच्या भांडणात मोठ्यानं बोलता येत नाही. हे कुठल्याही बाईला समजावून सांगावं लागत नाही.

पुढं ऑक्टोबरात गडाफी मारला गेला. बाहेरच्या विमानांनी राजवट पाडली, पण देश उभा राहिला नाही. लिबियात नंतर दोन-दोन सरकारं एकमेकांशी लढली. त्यामुळं तटस्थ राहिलो ते शहाणपणाचं, असं आज बरेच जण म्हणतात. मलाही बऱ्याच अंशी पटतं. पण सीरियाच्या वेळी ऑक्टोबर 2011 मध्ये आपण तटस्थ राहिलो आणि फेब्रुवारी 2012 मध्ये ठरावाच्या बाजूनं मत दिलं. म्हणजे दिल्लीलाही हे कोडं एका झटक्यात सुटत नव्हतं. त्या फोटो धरलेल्या आया मात्र माझ्या मनातून गेल्या नाहीत. आपली माणसं सुखरूप आली म्हणून त्यांचं दुःख हलकं होत नाही.

आणखी एक गोष्ट सांगते, जी पेपरात येत नाही. सरकारनं आमचा माणूस फुकट घरी आणला, त्याचे उपकार आहेत. 1990 मध्ये कुवेतमधून सुमारे 1 लाख 70 हजार, 2015 मध्ये येमेनमधून 4,600 वर, 2023 मध्ये सुदानमधून 3,800 वर भारतीय असेच आणले. माणसं आणण्यात आपला देश खरंच तयार आहे. पण धोरण विमानतळावर संपतं. गहाण पाटल्या सावकाराकडंच राहतात. भाऊजींचा तीन महिन्यांचा पगार बुडाला. एजंटाचा फोन बंद. व्याज चार वर्षं फेडलं, जाऊबाईंनी शिलाई मशीन चालवून. मध्ये 2013 च्या दुष्काळात पाण्याअभावी थर्मलही बंद पडलं होतं. गंठण सुटलं, पाटल्या गेल्या त्या गेल्याच.

आणखी एक उशिरा कळलं. दहावी पास असल्यानं त्यांना परदेशी कामासाठी सरकारी मंजुरी लागत नव्हती. आम्हाला तेव्हा ती सोय वाटली. पण मंजुरी नाही म्हणजे नोंदही नाही. हा माणूस लिबियात आहे, हे आम्हाला आणि त्या एजंटालाच ठाऊक.

हे सगळं आज का लिहिते? कडेवरचं ते पोर आता कॉलेजात जाण्याच्या वयाचं झालंय. त्यानंही आयटीआय केलंय आणि आखातात जायचं म्हणतोय. घरात दोन दिवस अबोला होता. शेवटी जाऊबाईच म्हणाल्या, "जाऊ दे. पण या टायमाला कागद मी बघणार."

आणि त्यांनी बघितले. एजंटाचा नोंदणी क्रमांक सरकारच्या 'ई-मायग्रेट' यादीत आहे का, हे पुतण्याकडूनच मोबाइलवर उघडून घेतलं. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क 30 हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही, हे कळल्यावर एकाला दारातूनच परत पाठवलं. करारपत्र वाचता येईल अशा भाषेत मागितलं. पासपोर्ट आणि व्हिसाच्या तीन-तीन झेरॉक्स काढल्या. तिथं पोचल्यावर वकिलातीत नाव नोंदवायचं, असं पोराकडून देवाच्या पुढ्यात वदवून घेतलं. ते सगळे कागद आता गव्हाच्या कोठीमागच्या पत्र्याच्या पेटीत आहेत. किल्ली त्यांच्या कमरेला.

मैत्रिणींनो, दिल्लीत आणि न्यूयॉर्कमध्ये कोण कुणाच्या बाजूनं हात वर करतं, ते आपल्या हातात नाही. पण माणूस घराबाहेर पडण्याआधी त्याचा कागद वाचणं आपल्या हातात आहे. परवा टीव्हीवर पुन्हा तिकडची कुठलीशी बातमी लागली. जाऊबाई उठल्या, पेटी उघडली, कागद मोजले आणि पेटी लावून परत येऊन बसल्या. कुणी काही बोललं नाही.