कुत्र्याला नाव ठेवा, नावे ठेवू नका

होळी-पाडव्याच्या सुमारास साखर कारखान्यांचे पट्टे पडू लागतात. ऊसतोडणीच्या टोळ्या कोप्या मोडतात आणि संसार गाडीत भरून बीड-जालन्याच्या वाटेला लागतात. त्या गडबडीत एखादे कुत्रे मागे राहते. चार दिवस ते मोडक्या कोप्यांभोवती हुंगत फिरते आणि मग जवळच्या वस्तीवर येऊन बसते. घरची बाई भाकरीचा तुकडा टाकते, पोरे लळा लावतात आणि कुत्रे त्या घरचे होते. त्याचे नाव मात्र टोळीबरोबर गावी निघून गेलेले असते. मग याला हाक काय मारायची?

शेतकरी बंधूभगिनींनो, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडे बिबट्या उसात मुक्काम ठोकून असतो. अंधार पडताना हाकेसरशी गोठ्यात येणारे कुत्रे वाचते, न येणारे एखाद्या रात्री नाहीसे होते. उंदरांसाठी झिंक फॉस्फाईडचे आमिष मांडलेल्या बांधाकडे किंवा डांबरी रस्त्याकडे धावणारे कुत्रेही फक्त हाकेने परत फिरते. ज्याला नावच नाही, त्याला हाक कशी मारणार?

नाव म्हणजे काय?

काही जण म्हणतात, मोठ्या कुत्र्याला नवे नाव लागत नाही. काही म्हणतात, नावाचे काय घेऊन बसलात, 'यू यू' केले की येते! दोन्ही समज चुकीचे आहेत. 'यू यू' केल्यावर शेजारची चार कुत्रीही येतात. आणि नवे नाव शिकायला कुत्र्याला वयाची अडचण नसते. अमेरिकेत चेसर नावाच्या मेंढपाळी जातीच्या कुत्रीला तिच्या शिक्षकाने एक हजाराहून अधिक खेळण्यांची नावे शिकवली होती. ते संशोधन २०११ साली प्रसिद्ध झाले. जिथे हजार नावे शिकता येतात, तिथे एक नवे नाव जड नाही.

आपल्याला आपले नाव म्हणजे आपण स्वतः वाटतो. कुत्र्याचे तसे नसते. त्याच्या लेखी नाव म्हणजे 'इकडे बघ, तुझ्यासाठी काहीतरी आहे' अशी खूण. ते 'काहीतरी' भाकरी असेल तर कुत्रे धावत येते. काठी असेल तर शेपूट घालून पळते. वाटेवरच्या कित्येक कुत्र्यांनी तर जन्मात एकच शब्द ऐकलेला असतो, 'हाड!'

बदलावे की ठेवावे?

कुत्रे ओळखीच्या घरून आले असेल, तर त्याचे जुने नाव आधी विचारून घ्यावे. बाजारातून बैल आणताना आपण त्याचे नाव विचारतोच की! जुन्या नावाला ते कान टवकारून आनंदाने येत असेल, तर तेच नाव चालू ठेवावे.

तीन वेळा मात्र नाव बदललेले बरे. पहिली, जुने नाव ऐकताच कुत्रे अंग चोरते तेव्हा. त्या नावाने त्याने मार खाल्लेला असू शकतो. दुसरी, घरात किंवा शेजारी त्याच नावाचा माणूस असेल तेव्हा. अंगणात 'राजा, खाली बस!' असे ओरडायचे आणि शेजारच्या राजाभाऊंनी दचकायचे, हे बरे नव्हे. भावकीतली भांडणे याहून लहान कारणांनी पेटतात. तिसरी, नाव कोणाला तरी हिणवण्यासाठी ठेवलेले असेल तेव्हा. त्या चेष्टेची किंमत कुत्र्याला दगड खाऊन मोजावी लागते.

नवे नाव कसे लावावे?

नाव दोन-अडीच अक्षरी, खणखणीत असावे. मोत्या, वाघ्या, टिप्या ही आपल्याकडची नावे पिढ्यान् पिढ्या टिकली ती उगीच नाहीत. गोठ्यात 'सर्जा' असेल, तर कुत्र्याला 'दुर्जा' म्हणू नये, दोघेही गोंधळतील.

दिवसातून दोन-तीनदा, भूक लागायच्या वेळी, भाकरीचे बोराएवढे तुकडे घेऊन जवळ बसावे. नाव एकदाच आणि गोड आवाजात घ्यावे. कुत्र्याने मान वळवली की लगेच तुकडा द्यावा. असे पाच-सहा वेळा करून थांबावे. नुसतेच 'मोत्या, मोत्या, मोत्या' करीत राहिल्यास ते नाव त्याला पंपाच्या आवाजासारखे होते. कानावर पडते, पण लक्ष जात नाही.

जुने नाव माहीत असेल, तर काही दिवस आधी नवे व लगेच जुने, असे जोडीने घ्यावे आणि मग जुने सोडून द्यावे. दोन पावलांवरून मान वळू लागली की अंगणातून, मग खळ्यावरून, मग बांधावरून हाक मारावी. कोणी चार दिवसांत शिकते, कोणाला तीन आठवडे लागतात. ताटलीच्या आवाजालाही मान वळत नसेल, तर कान डॉक्टरांना दाखवावेत.

घरातल्या सर्वांनी एकच नाव घ्यावे. आजी 'मोत्या', नातू 'टायगर' आणि गडी 'काळ्या' म्हणू लागला, तर ते कोणाचेच ऐकणार नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नाव घेऊन बोलावून कधीही मारू नये. उशिरा आले तरी 'शाबास' म्हणावे. बुडापेस्टच्या संशोधकांनी २०१६ साली कुत्र्यांच्या मेंदूचे यंत्राने निरीक्षण केले. शब्द कौतुकाचा आणि सूरही कौतुकाचा असेल, तेव्हाच मेंदूतील आनंदाचे केंद्र जागे होते, असे त्यांना दिसले. ओठावर 'ये बाळा' आणि आवाजात राग, ही लबाडी कुत्र्याला कळते.

नावाबरोबर लसही

अनोळखी कुत्रे घरात घेताच पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन पिसाळ रोगाची म्हणजे रेबीजची लस टोचून घ्यावी. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने दरवर्षी पुन्हा टोचावी लागते. लसीच्या कार्डावर नवे नाव लिहून ते जपून ठेवावे. कुत्रे रुळेपर्यंत लहान मुलांना ते खात असताना जवळ जाऊ देऊ नये.

चावलेच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. मिरची, चुना, हळद काही भरू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. पोटातली चौदा इंजेक्शने आता इतिहासजमा झाली आहेत. लस दंडावर देतात, पण ठरलेले सर्व डोस पूर्ण करावे लागतात. पिसाळ रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर मात्र वाचण्याची आशा जवळजवळ नसतेच.

दारात आलेल्या मुक्या जिवाला 'भटके', 'चोरटे', 'मुलखाचे आळशी' अशी नावे ठेवायला वेळ लागत नाही. त्यापेक्षा त्याला एक चांगले नाव ठेवावे, ते रोज गोड आवाजात घ्यावे आणि त्या नावामागे भाकरीचा तुकडा असू द्यावा. रात्री राखण करणारा सोबती याहून स्वस्तात मिळत नाही.