अनुभव नाही, मग समुद्रावर जायचे कसे?

आय.टी.आय. किंवा डिप्लोमा झालेली आपली मुले अलीकडे एकच प्रश्न घेऊन आमच्याकडे येतात. समुद्रातील तेलविहिरींवर तपासनीसाचे काम असते, पगारही बरा असतो. पण जाहिरातीत ‘ऑफशोअर अनुभव आवश्यक’ असे छापलेले असते. समुद्रावर गेल्याशिवाय अनुभव नाही आणि अनुभवाशिवाय कोणी नेत नाही. ज्यांचा काका-मामा या धंद्यात नाही, त्यांनी करायचे काय?

आधी काम समजून घेऊ. मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर मुंबई हाय हे तेलक्षेत्र आहे. तेथे 1974 साली तेल सापडले व 1976 पासून उत्पादन सुरू झाले. तेथील पोलादी प्लॅटफॉर्म व पाइपलाइनी खाऱ्या हवेत आणि पाण्यात वर्षानुवर्षे उभ्या आहेत. लोखंड गंजते, वेल्डिंगला तडा जातो. वस्तू न तोडता हा दोष शोधणे म्हणजे एन.डी.टी. जोडावर लाल द्रव्य लावून पुसले आणि वर पांढरे डेव्हलपर मारले की केसाएवढी भेग लाल रेषेसारखी उमटते. पाइप आतून किती झिजला, हे अल्ट्रासॉनिक यंत्राने बाहेरूनच मोजता येते.

आता खरी गोष्ट अशी की, चेंबूर-माहुलच्या रिफायनरीतही हीच तपासणी याच यंत्राने होते. मग कंपनी नवख्याला समुद्रावर का नेत नाही? कारण प्लॅटफॉर्मवर झोपायच्या जागा मोजक्या असतात आणि माणूस बहुधा हेलिकॉप्टरने न्यावा लागतो. तेथे शिकाऊ माणूस कोणालाच परवडत नाही. म्हणून अनुभव किनाऱ्यावर मिळवावा. रिफायनरीचे शटडाऊन निघते तेव्हा तपासणी करणाऱ्या एजन्सींना काही आठवडे जादा माणसे लागतात. हेल्पर म्हणून शिरण्यात कमीपणा मानू नये. किती तास, कोणत्या पद्धतीने काम केले याची वही ठेवावी आणि वरिष्ठाची सही त्याच दिवशी घ्यावी. शटडाऊन संपले की तो साहेब पुन्हा भेटत नाही!

हे तास फार महत्त्वाचे आहेत. अनेक क्लासेस ‘लेव्हल टू’ देतो म्हणून भरपूर फी घेतात. पण एस.एन.टी.-टी.सी.-1ए या पद्धतीत अंतिम प्रमाणपत्र नोकरी देणारी कंपनीच देते, तेही प्रशिक्षण, परीक्षा आणि कामाचे तास पाहून. क्लासचा कागद ही केवळ सुरुवात होय. हे न सांगता आईचे दागिने मोडायला लावणारे क्लास आम्हाला ठगांहून वेगळे वाटत नाहीत.

एन.डी.टी. हाताशी आल्यावर दोराने लटकून काम करण्याचे इराटा प्रशिक्षण उपयोगी पडते. लेव्हल वनला पूर्वानुभव लागत नाही. चार दिवस शिकवतात, पाचव्या दिवशी परीक्षा होते. एकाच माणसाकडून दोन कामे होत असतील, तर कंपनी त्याच्या नावाचा विचार आधी करते.

समुद्रावर जाण्यापूर्वी जीव वाचवण्याचे प्रशिक्षण असते. पाण्यात उलटलेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर कसे पडावे, हेही त्यात येते. ओ.एन.जी.सी.चे असे केंद्र गोव्यात फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाले. या प्रमाणपत्राला मुदत असते. म्हणून कोणते व कोठले चालेल हे कंपनीला विचारूनच पैसे भरावेत. मात्र त्याला निव्वळ कागद समजू नये. मे 2021 च्या तौक्ते वादळात पी-305 ही कामगारांच्या मुक्कामाची बार्ज बुडाली आणि 70 हून अधिक माणसे गेली.

आखातात पाठवतो म्हणणाऱ्या एजंटाबद्दल पालकांनी सावध असावे. 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली त्याची नोंदणी हवी. त्याला 30,000 रुपये व त्यावरील जी.एस.टी. यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि पावती दिलीच पाहिजे. खोटे अनुभवपत्र विकणाऱ्याच्या तर दारात उभे राहू नये. चुकीच्या मापावर सही झाली आणि गॅसचा पाइप फुटला, तर शेजारी उभी असलेली माणसे मरतात.

आणि क्लासची फी भरण्याआधी मुलाचे डोळे तपासून घ्यावेत. या कामात जवळची नजर दरवर्षी पाहतात, रंग ओळखता येतात का तेही पाहतात. सरकारी दवाखान्यात हे काम अर्ध्या दिवसात होते.