कॅमेरामनचे उत्तर : दूरचित्रवाणीच्या स्टुडिओतील आज्ञाभाषेविषयी

ऑग्डेन व रिचर्ड्‌स यांच्या ‘द मीनिंग ऑफ मीनिंग’ या 1923 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाला ब्रॉनिस्लाव्ह मालिनोव्हस्की यांनी एक परिशिष्ट जोडले होते. ट्रोब्रिअँड बेटांवरील मच्छीमारांचे उदाहरण घेऊन त्यांनी त्यात असे दाखविले, की मासेमारी चालू असताना उच्चारलेल्या शब्दांचा अर्थ त्या कृतीपासून अलग काढून सांगता येत नाही; तेथे भाषा ही विचाराचे प्रतिबिंब नसून कृतीचे साधन असते. या सिद्धांताची उदाहरणे बहुधा दूरच्या व पुरातन वाटणाऱ्या व्यवसायांतून दिली जातात. वस्तुतः दूरचित्रवाणीचा स्टुडिओ हे तितकेच सुस्पष्ट उदाहरण होय, आणि तेथील कॅमेरामनचे काम भाषेच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहण्याजोगे आहे. ऐन कामाच्या वेळी या माणसाला अखंड बोलणे ऐकावे लागते, परंतु स्वतः एक शब्दही उच्चारता येत नाही. तरीही तो उत्तर देत असतो. हे उत्तर कोणत्या भाषेत दिले जाते, हाच येथे विचाराचा विषय आहे.

स्टुडिओची मांडणी थोडक्यात अशी असते. एकाच प्रसंगावर तीन किंवा चार कॅमेरे एकाच वेळी रोखलेले असतात. प्रत्येकाचे चित्र नियंत्रणकक्षातील स्वतंत्र पडद्यावर उमटते. त्यांपैकी कोणते प्रेक्षकांपर्यंत जावयाचे हे दिग्दर्शक ठरवितो, आणि व्हिजन मिक्सरवरील बटन दाबून ते पाठविले जाते. कॅमेरामनसमोर मुख्यतः स्वतःच्या व्ह्यूफाइंडरमधील चित्र असते. इतर कॅमेरे काय दाखवीत आहेत, आपल्या चित्राला लागून कोणते चित्र येणार आहे, हे त्याला हेडफोनमधील आवाजावरून जाणून घ्यावे लागते. या व्यवस्थेला ‘टॉकबॅक’ म्हणतात. नाव असे असले तरी प्रक्षेपण सुरू असताना कॅमेऱ्याकडून उलट काहीच बोलले जात नाही, कारण तेथे मायक्रोफोन उघडे असतात आणि कुजबूजही प्रेक्षकांच्या घरापर्यंत पोचू शकते. आपले चित्र निवडले गेले, हे कॅमेऱ्यावर व व्ह्यूफाइंडरमध्ये पेटणाऱ्या तांबड्या दिव्यावरून कळते. हा ‘टॅली’ दिवा म्हणजे या व्यवहारातील सर्वांत असंदिग्ध चिन्ह. तो विझलेला असेपर्यंत कॅमेरा हवा तसा हलविता येतो. पेटल्यानंतर प्रत्येक हालचाल ही प्रेक्षकांना उद्देशून केलेले विधान ठरते, आणि ते मागे घेता येत नाही.

हेडफोनमधून येणाऱ्या आज्ञांचे दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील शब्द साधन सांगतात. कॅमेरा जागच्या जागी आडवा फिरविणे म्हणजे ‘पॅन’ (हा ‘पॅनोरमा’चा संक्षेप आहे), वरखाली कलविणे म्हणजे ‘टिल्ट’, चाकांवरून पुढेमागे नेणे म्हणजे ‘ट्रॅक’ आणि बाजूला सरकविणे म्हणजे ‘क्रॅब’. या शेवटच्या शब्दातील खेकड्याची चाल कोकणातील वाचकाला समजावून सांगावी लागणार नाही. दुसऱ्या वर्गातील शब्द केवळ फल सांगतात : ‘टाइट’, ‘लूज’, ‘दोघांचा घे’. ‘टाइट’ या शब्दात ते कसे साधावयाचे याचा निर्देश नसतो. झूम भिंगाने साधले तर सारे चित्र सारख्या प्रमाणात मोठे होते. कॅमेरा ढकलीत पुढे नेला तर वस्तूंमधील अंतराचे भान बदलते, मागची भिंत व पुढची व्यक्ती यांचे नाते पालटते. एका शब्दाचे असे दोन भिन्न अर्थ संभवतात आणि त्यांतील निवड कॅमेरामनवर सोपविलेली असते. दिग्दर्शकाच्या बोलण्यात दुसऱ्या वर्गाचे शब्द जितके अधिक, तितका त्याचा कॅमेरामनवर विश्वास अधिक, असे समजावयास हरकत नाही.

‘कट’ या शब्दाचे उदाहरण आणखी बोधप्रद आहे. चित्रपटाच्या स्टुडिओत हा शब्द ऐकताच कॅमेरा थांबतो. कॅमेरामनचे त्या तुकड्यापुरते काम संपते. दूरचित्रवाणीत ‘कट दोन’ असे म्हटले, की दुसऱ्या क्रमांकाच्या कॅमेरामनचे खरे काम त्या क्षणी सुरू होते. ध्वनी एक, व्यवसायही शेजारशेजारचे, आणि अर्थ जवळजवळ विरुद्ध. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेवर 1960 साली स्थापन झालेल्या चित्रपटसंस्थेत 1974 पासून दूरचित्रवाणीचा विभागही आहे, म्हणजे हे दोन्ही अर्थ एकाच आवारात शिकविले जात आले आहेत. शब्दाचा अर्थ शब्दकोशात नसून व्यवहारात असतो, या नेहमीच्या विधानाला याहून सोयीचा पुरावा क्वचितच मिळेल.

तथापि सर्वांत अडचणीचे शब्द म्हणजे ‘डावा’ आणि ‘उजवा’. कार्ल ब्यूलर यांनी 1934 साली दर्शक शब्दांचे विवेचन करताना असे प्रतिपादिले, की ‘येथे’, ‘आता’ यांसारख्या शब्दांचा अर्थ बोलणाऱ्याच्या स्थानबिंदूवर अवलंबून असतो. स्टुडिओत हे बिंदू अनेक असतात. समोरासमोर बसलेल्या पाहुण्याचा डावा हात कॅमेरामनच्या उजवीकडे येतो. दोन कॅमेरे परस्परविरुद्ध दिशांना उभे असतील तर एकाचा डावा तो दुसऱ्याचा उजवा. आणि दिग्दर्शक तर यांपैकी कोठेच नसतो, तो भिंतीपलीकडे चित्रांसमोर बसलेला असतो. यातून व्यवसायाने काढलेला मार्ग असा, की ज्या कॅमेऱ्याला आज्ञा दिली त्याच्या चौकटीची डावी बाजू तीच डावी. स्थानबिंदू बोलणाऱ्याकडून ऐकणाऱ्याकडे दिला गेला. नैसर्गिक भाषेत हे केवळ सौजन्याने घडते. येथे ते नियमाने घडते. प्रारंभीच्या काळी हा नियमही पुरेसा नव्हता. 2 नोव्हेंबर 1936 रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बी.बी.सी.ची नियमित दूरचित्रवाणी सुरू झाली, तेव्हा एमिट्रॉन कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र उलटे दिसे : डोके खाली आणि डावे-उजवे आलटून. कानावर पडलेली दिशा मनात फिरवून घेतल्यावाचून त्या कॅमेरामनांना हात हलविता येत नसे.

मराठी स्टुडिओत, म्हणजे मुख्यतः 2 ऑक्टोबर 1972 पासून सुरू झालेल्या मुंबई केंद्राच्या परंपरेत, या आज्ञांना आणखी एक पैलू प्राप्त होतो. मराठी आज्ञार्थाला नाते ठरविल्याशिवाय पुढे जाता येत नाही : ‘घे’ म्हणावयाचे की ‘घ्या’? कॅमेरामन वयाने वडील व निर्माता तरुण असेल तर एरवी ‘घ्या’ हेच रूप उचित. परंतु ‘जरा जवळ घ्या बरं’ एवढे म्हणेपर्यंत पाहुण्याचे हसू मावळून गेलेले असते. अशा वेळी ‘दोन, टाइट’ हे उसने, प्रत्ययहीन रूप कामी येते. त्यात संबोधन क्रमांकाने होते आणि क्रियापद गळून पडते. त्यामुळे ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतील निवड करण्याचा प्रसंगच येत नाही. इंग्रजी शब्दांच्या या वापराकडे केवळ परभाषेची गुलामगिरी म्हणून पाहणे उथळपणाचे होईल. मराठीतील आदरव्यवस्थेचा भंग न करता तिला क्षणभर बाजूला ठेवण्याची ही सोय आहे. प्रक्षेपण संपताच ती व्यवस्था परतते, आणि ‘दोन’चे पुन्हा आडनाव होऊन त्यापुढे ‘साहेब’ लागते.

आता उत्तराविषयी. दिग्दर्शकाने ‘तीन, तुला दोघे दिसतात का?’ असे विचारले असता तिसऱ्या कॅमेऱ्याचा दिवा विझलेला असेल, तर कॅमेरामन कॅमेरा किंचित वरखाली करतो. नियंत्रणकक्षातील पडद्यावर चित्र मान डोलावते. नकार असेल तर चित्र डावी-उजवीकडे हलते. होकार-नकाराच्या मानवी हावभावाचे हे यंत्रावर केलेले आरोपण होय, आणि ते कोणालाही वेगळे समजावून द्यावे लागत नाही. परंतु या मान डोलावण्यापाशी उत्तर संपत नाही. नाटकासारख्या आधी बांधलेल्या कार्यक्रमात कॅमेऱ्याला शॉटांची यादी लावलेली असते. तेथे कॅमेरामन सांगितलेले करतो. मुलाखतीत किंवा क्रीडासामन्यात अशी यादी संभवत नाही. तेथे न विचारता चित्रे ‘देऊ’ करावी लागतात : बोलणाऱ्याचा चेहरा एकाने धरला असेल तर दुसरा ऐकणाऱ्याचा चेहरा शोधून ठेवतो, बोटांची चुळबूळ टिपतो. दिग्दर्शक ते पाहतो आणि घेतो किंवा सोडतो. हा प्रस्ताव आहे. येथे आज्ञा आणि आज्ञापालन यांचा क्रमच उलटतो.

क्रिकेटमध्ये हे विशेष दिसते. 1977 साली ऑस्ट्रेलियातील वर्ल्ड सिरीज क्रिकेटने मैदानाच्या दोन्ही टोकांना मुख्य कॅमेरे ठेवण्याची पद्धत रूढ केली. तत्पूर्वी प्रेक्षकाला एक षटक गोलंदाजाच्या मागून व पुढचे फलंदाजाच्या पाठीकडून पाहावे लागे. चेंडू उंच उडाला, की ‘पॅन’ म्हणण्यास अवधीच नसतो. आवाज कानी पडेपर्यंत चेंडू चौकटीबाहेर गेलेला असतो. म्हणून तो कॅमेरामन फलंदाजाच्या पायांची हालचाल आणि बॅटीचा कोन वाचून आज्ञेच्या आधीच निघतो. चुकला तर लक्षावधी लोकांना रिकामे आकाश दिसते, आणि त्या वेळी ‘मला कोणी सांगितले नव्हते’ हे म्हणणे ग्राह्य धरले जात नाही.

शब्दाबाहेरचेही पुष्कळ आहे. रुंद चौकटीत स्पष्ट दिसणारा चेहरा झूम केल्यावर धूसर होऊ शकतो, कारण लांब पल्ल्याच्या भिंगाला स्पष्टतेची खोली कमी मिळते. म्हणून दिवा पेटण्यापूर्वी कॅमेरामन पूर्ण जवळ जातो, फोकस पक्का करतो व परत रुंद होतो. ही क्रिया करावयास टॉकबॅकवर सहसा कोणी सांगत नाही. ‘टाइट’ या आज्ञेत ती गृहीत असते, जशी वाक्यात संदर्भाची पूर्वमाहिती गृहीत असते. नवशिक्याची फजिती बहुधा येथेच होते.

अनेक देशांतील बातम्यांच्या स्टुडिओंत आता कॅमेऱ्यामागे माणूस उभा नसतो. एकच व्यक्ती नियंत्रणकक्षात बसून तीन-चार यांत्रिक कॅमेरे चालविते आणि आधी साठविलेल्या चौकटी क्रमांकाने परत बोलाविते. दिग्दर्शक शेजारीच असल्यामुळे तिला तोंडाने उत्तर देता येते, मान डोलावणाऱ्या चित्राची गरज उरत नाही. ‘दोन’ हे एके काळी एका माणसाचे नाव होते. या स्टुडिओंत तो क्रमांक यंत्राचा किंवा त्याच्या स्मृतीतील एखाद्या चौकटीचा असतो, आणि ते यंत्र न विचारलेले चित्र कधी देऊ करीत नाही.