पाऊस हवेतलं काय धुतो आणि काय तसंच ठेवतो

मोठी सर येऊन गेली की लांबच्या इमारती स्वच्छ दिसू लागतात आणि ‘हवा धुऊन निघाली’ असं आपण म्हणतो. धुळीपुरतं ते खरं आहे. पण पेट्रोलच्या वाफेत आणि वाहनांच्या धुरात असलेल्या बेन्झीनला पाऊस जवळपास हातही लावत नाही.

बेन्झीन पाण्यात फार कमी विरघळतं. २५ अंश सेल्सिअसला एक लिटर हवेत ते जितकं असेल, त्याच्या साधारण साडेचार पटच एक लिटर पाण्यात मावतं. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या सगळ्या पाण्याने मावेल तेवढं बेन्झीन शोषलं असतं, तरी हिशोबाने फार तर चार मीटर उंचीच्या हवेतलं गेलं असतं. एका मजल्याहून थोडंसंच वर! फॉर्मल्डिहाइडचं नेमकं उलट. एक सेंटिमीटर पावसात शेकडो मीटर उंचीच्या हवेतलं फॉर्मल्डिहाइड सामावू शकतं. फॉर्मिक आणि अ‍ॅसिटिक आम्लंही अशीच सहज उतरतात. पाऊस किती पडला, यापेक्षा हवेत काय होतं हे आधी विचारायला हवं.

कर्करोगाला कारण ठरणारं बेन्झोपायरीन पाण्यात विरघळत नाही, ते काजळीच्या कणांना चिकटून राहतं. मग जोराच्या सरीने ते कण तरी खाली येत असतील? तेही पूर्णपणे नाही. पडत्या थेंबाभोवती हवा वळते. मोठे कण तिच्याबरोबर वळू शकत नाहीत, थेंबावर आदळतात. अतिसूक्ष्म कण भरकटत थेंबाला लागतात. साधारण ०.१ ते १ मायक्रॉनचे कण मात्र वळसा घालून निसटतात, आणि काजळीचा बराचसा भाग याच मापाचा असतो. ते ढगातच थेंबात अडकले, तर पावसाबरोबर येतात.

मुंबईची पावसाळी हवा बरी असते, त्यात अरबी समुद्रावरून येणाऱ्या नैर्ऋत्य वाऱ्याचाही मोठा वाटा आहे. सगळं श्रेय पावसाला देणं बरोबर नाही.

शिवाय धुतलेलं नष्ट होत नाही. काजळीवरचं बेन्झोपायरीन रस्त्यावरून गटारात, तिथून नाल्यात आणि खाडीच्या गाळात जातं. बेन्झीनचा हवेतच नाश होतो, पण तो करतात सूर्यप्रकाशामुळे तयार होणारे हायड्रॉक्सिल कण, आणि त्याला सरासरी दहाएक दिवस लागतात. आभाळ भरून आलेलं असताना हे कामही मंदावतं.